ॲनाटॉमीचे शब्द वॉर्डात वापरायचे कसे: पुण्यात क्लिनिकलला आलेल्या नर्सिंगच्या पोरापोरींसाठी

पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी घोकून पास झालात, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक हायलायटरने रंगवून झालं, व्हायवाला प्रॉक्सिमल-डिस्टल (धडाच्या जवळचं आणि धडापासून लांबचं) धडाधड सांगितलं, आणि वॉर्डात पोस्टिंग लागलं की नोट्समध्ये लिहिता काय, तर "हाताला सूज आहे". कुठल्या हाताला? बोटांना का दंडाला, इंट्राकॅथच्या (सलाईनसाठी नसेत ठेवलेल्या नळीच्या) वरती का खालती, आतल्या अंगाला का बाहेरच्या, काहीच नाही. नाइटची सिस्टर ते वाचून परत सगळा हात चाचपत बसते आणि तरी सूज सकाळएवढीच आहे का वाढलीये ते तिला कळत नाहीच, कारण सकाळी नक्की कुठपर्यंत होती ते कोणी लिहिलेलंच नाही.

म्हणून मी ज्युनिअर्सना एकच कसोटी सांगते. पेशंट कधीच न बघितलेल्या माणसाने तुमची नोट वाचली तर त्याला पेशंटच्या अंगावर नेमक्या त्याच जागी बोट ठेवता आलं पाहिजे. पुण्यात पत्ता सांगतो तसंच आहे हे, नुसतं सदाशिव पेठ म्हणून कोणी घरी पोचत नाही, अमक्या मारुतीच्या समोरच्या बोळात डावीकडे तिसरा वाडा असं सांगावं लागतं. तर क्रम लक्षात ठेवा: आधी बाजू, मग भाग, मग जवळचं हाड किंवा बेंबीसारखी न हलणारी खूण, मग तिथून किती सेंटीमीटर. बाकी सगळे लॅटिन शब्द ह्या चार गोष्टी थोडक्यात लिहिता याव्यात म्हणून आहेत, भाव खायला नाहीत.

पहिला घोळ होतो तो डाव्या-उजव्याचा. डावा-उजवा कायम पेशंटचा, तुमचा नाही. तुम्ही बेडच्या पायथ्याशी उभ्या असता तेव्हा तुमच्या उजव्या हाताला पेशंटची डावी बाजू येते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घाईत चुकतं. साधा उपाय म्हणजे लिहायच्या आधी पेशंटच्या त्या बाजूला हात लावायचा आणि तोंडाने म्हणायचं, "काका, हा तुमचा डावा पाय ना?" आणि त्यांनी हो म्हटल्यावरच लिहायचं. ऑपरेशन थिएटरला जाणाऱ्या पेशंटच्या बाबतीत तर हे कंपल्सरीच, डब्ल्यूएचओने २००८ मध्ये सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आणली त्यात साइट मार्क केलीये का हे भूल द्यायच्या आधी विचारायचं असतं. आणि बाजू लिहिताना एल किंवा आर असं एक अक्षर खरडू नका, पूर्ण राइट किंवा लेफ्ट लिहा, डोळ्या-कानाच्या ड्रॉप्सला तर नक्कीच, कारण ओडी (उजवा डोळा), ओएस (डावा डोळा), एडी (उजवा कान), एएस (डावा कान) ही सगळी शॉर्टकट मंडळी घाईच्या अक्षरात एकमेकांसारखीच दिसतात.

दुसरा घोळ म्हणजे पेशंट झोपलेला असतो आणि पुस्तकातला माणूस उभा असतो. ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणजे सरळ उभा, तोंड समोर, तळहात समोर. सगळे शब्द ह्या उभ्या माणसाचे आहेत, बेडवरचा माणूस कसाही पडलेला असो. म्हणजे सुपिरिअर म्हणजे डोक्याकडे, छताकडे नाही. पेशंट पालथा झोपला तरी त्याची पाठ पोस्टेरिअरच राहते. हाताच्या बाबतीत तर हमखास फसायला होतं, तळहात गादीवर पालथा असला की अंगठा आतल्या बाजूला येतो आणि पोरं मीडिअल, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडचं, लिहून मोकळी होतात, पण ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये अंगठा बाहेर असतो त्यामुळे अंगठ्याची बाजू कायम लॅटरल, म्हणजेच रेडियल, आणि करंगळीची मीडिअल म्हणजे अल्नर. हातासाठी मी तर म्हणते मीडिअल-लॅटरलच्या भानगडीत पडूच नका, रेडियल साइड आणि अल्नर साइड लिहा, हात कसाही वळवला तरी ती हाडं कुठे जात नाहीत. हाताला पामर (तळहाताची बाजू) आणि डॉर्सल (मागची बाजू), पायाला प्लांटर (तळव्याची बाजू) आणि डॉर्सम. पायाचा डॉर्सम म्हणजे वरचा भाग बरं का, तळवा नाही.

आता पेशंटची भाषा. ससून हॉस्पिटलला म्हणा, वायसीएम हॉस्पिटलला म्हणा, भोर-जुन्नर-वेल्ह्याकडचे पेशंट येतात आणि त्यांचे शब्द पुस्तकात नसतात. "पाय दुखतो" म्हणजे खुब्यापासून अंगठ्यापर्यंत कुठेही, आणि इंग्लिशमध्ये मात्र लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, मांडी ती थाय, घोट्याखाली फूट. हाताचंही तसंच, आर्म म्हणजे फक्त दंड. "कमरेत इंजेक्शन दिलं" म्हणतात ते खरं तर कुल्ल्यावर दिलेलं असतं. "कुशीत दुखतंय" म्हणजे बरगडीच्या खाली का पाठीमागे किडनीच्या बाजूला हे विचारल्याशिवाय कळत नाही. "जांघेत अवधाण आलंय" म्हणजे बहुतेक वेळा इंग्वायनल भागातल्या गाठी, आणि मग त्याच पायाला कुठे जखम, चिखल्या, फोड काही आहे का ते बघायचं. सगळ्यात डेंजर शब्द म्हणजे पिशवी. आजी म्हणतात "माझी पिशवी काढलीये", तर गर्भाची का पित्ताची? लगेच विचारा, पोटावरचे व्रण बघा, जुने कागद मागा, नाहीतर हिस्टरेक्टॉमी आणि कोलेसिस्टेक्टॉमीची अदलाबदल होते आणि ती केसपेपरवर एकदा चढली की पुढचे सगळे तेच कॉपी करत जातात.

यावर पद्धत अशी ठेवा की पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दांत अवतरणात लिहायचं, त्याच्या खाली "एका बोटाने दाखवा बरं कुठे दुखतं" असं म्हणून जागा बघायची आणि तुमचं निरीक्षण टर्ममध्ये लिहायचं. एका बोटाने हे महत्त्वाचं आहे. काही जण पूर्ण पंजा फिरवतात, मग तेही लिहा की नेमकी जागा दाखवता आली नाही, डिफ्यूज आहे, डॉक्टरला त्यातूनही काहीतरी कळतं.

पोटाचं जरा नीट बोलू कारण तिथेच सगळ्यात ढिसाळ लिहिलं जातं. "पोटात दुखतंय" एवढ्यावर आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, फोन करू नका. बेंबीतून एक उभी एक आडवी रेघ मारली की चार क्वाड्रंट होतात, राइट अप्पर, लेफ्ट अप्पर, राइट लोअर, लेफ्ट लोअर. रोजच्या नोट्सना एवढं पुरतं. त्याहून बारीक हवं तर नऊ भाग, त्यातले तीन तरी जिभेवर पाहिजेत: एपिगॅस्ट्रिक म्हणजे बरगड्या जिथे मधोमध मिळतात त्याच्या खाली, अम्बिलिकल म्हणजे बेंबीभोवती आणि हायपोगॅस्ट्रिक किंवा सुप्राप्युबिक म्हणजे आपलं ओटीपोट. लघवी तुंबलेल्या पेशंटचा फुगवटा ह्या तिसऱ्या भागात लागतो, कॅथेटर टाकायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा बघून लिहा. अपेंडिक्सच्या दुखण्यात जागा बदलते, आधी बेंबीभोवती आणि मग काही तासांनी राइट लोअरला, मॅकबर्नी पॉइंटच्या आसपास, म्हणजे उजव्या बाजूचं पुढचं कमरेचं टोकदार हाड, ज्याला अँटेरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइन म्हणतात, तिथून बेंबीकडे रेघ मारली तर हाडाच्या बाजूने एक तृतीयांशावर. संध्याकाळच्या सिस्टरने नुसतं "पोटदुखी" लिहिलं आणि रात्रीवालीनेही "पोटदुखी" लिहिलं तर हे सरकणं कागदावर दिसणारच नाही, पण दोघींनी क्वाड्रंट लिहिला तर सकाळी राउंडला सर्जनला दोन ओळींत चित्र उभं राहतं.

आणि एक, एपिगॅस्ट्रिकला दुखतंय, मळमळ आहे, घाम फुटलाय आणि पेशंट पन्नाशीच्या पुढचा शुगरवाला आहे तर "ॲसिडिटी आहे, पॅन द्या" एवढ्यावर सोडू नका, लगेच कळवा आणि ईसीजी काढायची तयारी ठेवा. हार्टच्या खालच्या भिंतीचा ॲटॅक पोटात दुखल्यासारखाच येऊ शकतो. तसंच पित्ताशयाचं दुखणं उजव्या फऱ्यात, खांद्यात जाऊ शकतं, म्हणून कुठे दुखतं बरोबर कुठे जातं हेही लिहा, त्याला रेडिएटिंग टू म्हणायचं.

ईसीजीचा विषय निघालाच आहे तर लीड्स, म्हणजे छातीवर इलेक्ट्रोड चिकटवायच्या व्ही १ ते व्ही ६ ह्या सहा जागा. निपलच्या अंदाजाने इलेक्ट्रोड चिकटवणं बंद करा, माणसागणिक निपल वेगळीकडे असतं. गळ्याखालच्या खाचेतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवा, एक आडवा उंचवटा लागेल, तो अँगल ऑफ लुईस. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिच्या खालची मऊ जागा दुसरी इंटरकॉस्टल स्पेस. तिथून मोजत चौथ्या स्पेसला या, हाडाच्या उजव्या कडेला व्ही १, डाव्या कडेला व्ही २. मग पाचव्या स्पेसला मिडक्लॅव्हिक्युलर लाइनवर, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेघेवर, व्ही ४, व्ही २ आणि ४ च्या मधोमध व्ही ३. व्ही ५ अँटेरिअर ॲक्सिलरी लाइनला (काखेच्या पुढच्या घडीतून खाली) आणि व्ही ६ मिडॲक्सिलरीला (काखेच्या मध्यातून खाली), दोन्ही व्ही ४ च्याच आडव्या रेषेत, बरगडी वर वळते म्हणून आपण वर वळायचं नाही. बायकांमध्ये ब्रेस्टच्या खाली लावा, पडदा ओढा, आधी सांगा, आणि संकोच वाटतो म्हणून वरच्या वर चिकटवून मोकळं होऊ नका. व्ही १-व्ही २ एक-दोन स्पेस वर लावले जाणं ही फार कॉमन चूक आहे आणि त्याने ग्राफ खरंच वेगळा दिसतो, नसलेला आजार असल्यासारखा.

इंजेक्शनला हेच, आधी हाड शोधा मग सुई. डेल्टॉइडला, म्हणजे दंडाच्या वरच्या स्नायूला, खांद्याच्या टोकाचं हाड, ॲक्रोमिअन, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून दंडाच्या बाहेरच्या बाजूला, ९० अंशात. फार वर घेतलं तर खांद्याच्या सांध्याजवळ जातं, फार खाली-मागे गेलं तर रेडियल नर्व्ह. व्हेंट्रोग्लुटिअल साइट, म्हणजे खुब्याच्या बाजूची जागा, आपल्याकडे वापरायला लोक बिचकतात पण तीच जास्त सेफ, तिथे मोठी नस किंवा सायटिक नर्व्ह नाही. पेशंटच्या डाव्या खुब्याला तुमचा उजवा हात, तळवा ग्रेटर ट्रोकँटरवर म्हणजे खुब्याच्या हाडाच्या उंचवट्यावर, तर्जनी अँटेरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइनवर, मधलं बोट इलियाक क्रेस्टच्या, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या काठाच्या, कडेने मागे ताणा, दोन बोटांच्या व्हीच्या मध्ये सुई. उजव्या खुब्याला डावा हात. हॉस्टेलवर रूममेटवर नुसतं लँडमार्क शोधायची प्रॅक्टिस करा, सुई न घेता अर्थातच. कुल्ल्यावर द्यायचीच वेळ आली तर वरचा बाहेरचा चतकोर, अप्पर आउटर क्वाड्रंट, आणि हे "साधारण इथे" करून नाही तर खरोखर चार भाग पाडून बघा. तान्ह्या बाळांना कुल्ल्यावर नाहीच. लसीकरणात तर बाजूसुद्धा ठरलेली आहे, बीसीजी डाव्या दंडावर, पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या मधल्या भागात अँटेरोलॅटरल बाजूला, पीसीव्ही उजव्या मांडीला, एमआर उजव्या दंडावर. ठरलेली असल्यामुळे नंतर गाठ आली, सूज आली तर ती कुठल्या लसीची ते लगेच कळतं. आईला सांगताना मात्र "मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला दिलंय, तिथे चोळू नका" एवढंच, तिला अँटेरोलॅटरल ऐकवून काय मिळणार.

इंट्राकॅथचं एक सूत्र आहे, डिस्टलपासून सुरू करा आणि प्रॉक्सिमलकडे जा. पहिला प्रयत्न कोपराच्या खळगीत करून नस फुटली की खाली मनगटाकडे टाकलेलं सलाईन त्याच फुटलेल्या जागेतून बाहेर गळू शकतं. म्हणून नवीन साइट कायम जुन्या बिघडलेल्या साइटच्या प्रॉक्सिमल, नाहीतर दुसरा हात. डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला असलेला हात सोडून द्या, बीपीसुद्धा नाही, आणि ब्रेस्टच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात शक्यतो टाळा. नोट अशी: "लेफ्ट फोरआर्म, डिस्टल वन थर्ड, रेडियल साइड, २० जी", शेवटचं ते इंट्राकॅथच्या जाडीचं माप. लाल रेघ दिसली तर "साइटपासून प्रॉक्सिमली ४ सेमी लालसर, गरम, दाबल्यावर दुखतं" आणि वेळ. पुढच्या ड्युटीला ४ चे ६ झाले तर सांगायला कोणी प्रोफेसर लागत नाही.

डिस्टल हा शब्द सगळ्यात जास्त कामाला येतो ऑर्थोत, म्हणजे हाडांच्या वॉर्डात. प्लास्टर घातलंय, अँजिओग्राफी मांडीतून झालीये, घट्ट बँडेज आहे, कुठेही, त्या जागेच्या डिस्टल काय चाललंय ते बघायचं: बोटांचा रंग, गारपणा, नखावर दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ जो दोनेक सेकंदांच्या आत हवा, बधिरपणा, बोटं हलतात का, आणि पल्स. पायाला दोन पल्स हाताशी ठेवा, डॉर्सॅलिस पेडिस पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलला की जी दोरी दिसते तिच्या लॅटरल बाजूला, आणि पोस्टेरिअर टिबिअल आतल्या घोट्याच्या म्हणजे मीडिअल मॅलिओलसच्या मागे. सापडली की त्या जागी पेनने फुली मारा, दुसऱ्या सिस्टरचा वेळ वाचतो. प्लास्टरमधला पेशंट औषध देऊनही खूप ओरडतोय आणि बोटं आपण हलवली की जास्तच ओरडतोय तर वाट बघायची नाही, पल्स लागते म्हणून गप्प तर अजिबात बसायचं नाही, कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे आतल्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो तेव्हा, पल्स बरंच उशिरापर्यंत लागू शकते.

बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब येऊन होणारी जखम. "पाठीला बेडसोर" हे वाक्य मला दिसलं की मी पेन हातात देऊन परत लिहायला लावते. सॅक्रम वेगळं, त्याच्या खालचं माकडहाड म्हणजे कॉक्सिक्स वेगळं, बसायचं हाड म्हणजे इस्कियल ट्युबरॉसिटी वेगळं, खुब्यावरचं ट्रोकँटर वेगळं. आणि फरक का पडतो, तर सॅक्रमला झालाय म्हणजे उताणं झोपवून किंवा प्रॉपअपमध्ये (पाठ उचलून बसतं ठेवलं की) घसरून दाब येतोय, इस्कियमला झालाय म्हणजे खुर्चीत तासन्‌तास बसतोय, ट्रोकँटरला झालाय म्हणजे एकदम काटकोनात कुशीवर ठेवताय, त्याऐवजी मागे उशी देऊन ३० अंशात कलता ठेवा. जागा बरोबर लिहिली की काय बदलायचं ते आपोआप कळतं. मापताना डोकं १२ वाजता आणि पाय ६ वाजता धरा, लांबी डोकं-पाय दिशेत, रुंदी तिच्या काटकोनात, आणि कडेखाली पोकळी असेल तर "२ ते ४ वाजण्याच्या दरम्यान, १.५ सेमी आत" असं. सगळ्यांनी एकाच पद्धतीने मापलं तरच जखम भरतीये का नाही ते कळेल. टाचा बघायला विसरू नका, मोजे काढून बघा, चादर उचलून.

ऐकायला सारखे शब्द फोनवर घात करतात. ॲबडक्शन आणि ॲडक्शन, पहिलं मिडलाइनपासून (शरीराच्या मधल्या रेषेपासून) लांब, दुसरं मिडलाइनकडे. मागच्या बाजूने केलेल्या हिप रिप्लेसमेंटनंतर दोन पायांमध्ये उशी देतात ती पाय मिडलाइन ओलांडून आत जाऊ नये म्हणून, उलटं ऐकलं तर सांधा निखळू शकतो, त्यामुळे फोनवर "ए बी डक्शन, म्हणजे बाहेर ना सर?" असं विचारायचं, लाज कसली त्यात. युरेटर किडनीतून ब्लॅडरला येते, युरेथ्रा ब्लॅडरमधून बाहेर. इलियम दोन आहेत, एक आतडं आणि एक कमरेचं हाड, मराठीत लिहिलं तर फरकच दिसत नाही म्हणून सोबत आतडं का हाड ते लिहाच. पेरोनियल पायाची नर्व्ह आणि पेरिनियल म्हणजे मांड्यांमधला भाग, नवीन पुस्तकांत पेरोनियलला फिब्युलर म्हणतात ते बरंच झालं. डिसफेजिया गिळायला त्रास, डिसफेजियातल्या "जि" चा "झि" झाला की बोलायला त्रास, म्हणून मी सरळ "गिळता येत नाही" असंच हँडओव्हरला सांगते.

शेपट्यांपैकी एक्टॉमी म्हणजे काढून टाकलं, ऑस्टॉमी म्हणजे बाहेर उघडणारं नवं तोंड करून ठेवलं, ऑटॉमी म्हणजे नुसता छेद. गॅस्ट्रोस्टॉमीच्या पेशंटला पोटातून फीड द्यायचं असतं, गॅस्ट्रेक्टॉमीच्या पेशंटचं जठर अर्धं किंवा पूर्ण काढलेलं असतं आणि त्याची राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून आत घातलेली नळी, निघाली तर आपण स्वतः परत ढकलायची नाही, आत टाके असतात, सर्जनला बोलवा. स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, कुठे आहे त्यावरून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं, राइट लोअरला असेल तर बहुतेक इलिओस्टॉमी, पातळ आणि भरपूर, पाण्याचा हिशोब चोख ठेवा, लेफ्ट लोअरला सिग्मॉइड कोलोस्टॉमी, जरा घट्ट. ड्रेन, म्हणजे ऑपरेशनच्या जागेतलं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या, दोन-तीन असतील तर एक-दोन नंबर देऊन भागवू नका, प्रत्येक बाटलीवर जागा लिहा, राइट सबहेपॅटिक (लिव्हरच्या खाली), पेल्विक (ओटीपोटात), जे असेल ते, कारण नंबर कुणी कुठून मोजले ते दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

आणि शब्द आठवलाच नाही तर? चुकीचा लॅटिन शब्द ठोकण्यापेक्षा साधं लिहा, "उजव्या गुडघ्याच्या खाली ५ सेमी, बाहेरच्या बाजूला, २ बाय ३ सेमी लाल चट्टा". कोणी हसत नाही, हसलं तर हसू दे. हँडओव्हरच्या आधी दोघींनी एक खेळ करा, एकीने आपली नोट वाचायची, दुसरीने पेशंटच्या अंगावर नाही तर स्वतःच्या अंगावर त्या जागी बोट ठेवायचं, बोट भलतीकडे गेलं तर नोट परत लिहायची, ड्युटी संपायच्या आत.